रद्दी, चिंध्या आणि पीठ: पोरांसोबत घरी हातानं काय काय बनवता येतं (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

सुट्टी लागली की आमच्याकडं दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाय टाकायची सोय नसते. सोलापूरचा एप्रिल-मे, पारा चाळीसच्या वर, आणि घरात सहा वर्षांचा थोरला नि साडेतीन वर्षांची धाकटी, दोघं मागं मागं फिरत "मम्मी आता काय करू, मम्मी आता काय करू". मोबाईल दिला की तास-दीड तास शांतता मिळते खरी, पण परत काढून घेताना जी रडारड होते ती बघितली की वाटतं नको तो मोबाईल. म्हणून दोन उन्हाळे झाले मी त्यांच्यासोबत काहीतरी बनवायला बसते. मी टीचर नाही, चित्रकलेत शाळेत जेमतेम पास व्हायचे, त्यामुळं खाली जे लिहिलंय ते कुणालाही जमतं हे मी छातीठोक सांगते.

सुरुवात मी पण चुकीचीच केली होती. ऑनलाइन एक तयार किट मागवलं, साडेपाचशे रुपये, त्यात सगळं आधीच कापून आलेलं, पोरांनी फक्त चिकटवायचं. वीस मिनिटांत संपलं आणि त्यातली पंधरा मिनिटं मीच चिकटवत होते, कारण घुबडाचे डोळे वाकडे बसत होते आणि मला ते बघवत नव्हतं. थोरला कधी उठून कुलरसमोर जाऊन बसला मला पत्ताच नाही. वस्तू छान दिसावी ही हौस आपली असते हो, पोराला पीठ तिंबायचं असतं, कागद टराटरा फाडायचा असतो, रंगात बोट बुडवून बघायचं असतं. तेव्हापासून घरात एकच नियम, त्यांच्या वस्तूला मी हात लावायचा नाही. वाकडं झालं तर वाकडं राहू दे. मला फारच हात शिवशिवला तर मी माझी वेगळी वस्तू करत बसते शेजारी.

बसायच्या आधी

फरशीवर एक जुनी चादर टाका. सोलापूरकरांच्या घरात जुन्या चादरींना काय तोटा, आहेरात येतात, पाहुण्यांना देऊन उरतात, आणि वीस वर्षं वापरली तरी फाटायचं नाव नाही. रंग सांडला, पीठ पडलं, सगळं त्या चादरीवर, शेवटी चारी टोकं धरून उचलायची आणि गॅलरीत झटकायची. (खाली कुणी उभं नाही ना बघून.)

आपल्याकडं पंखा बंद करून बसणं शक्य नाही आणि पंख्याखाली कागद राहत नाहीत, हा प्रॉब्लेम कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगत नाही. मी खलबत्त्याचा बत्ता, दोन वजनदार वाट्या आणि गूळ फोडायचा दगड घेऊनच बसते. कुलर असेल तर त्याचं तोंड दुसरीकडं फिरवा, नाहीतर ओला कागद वाळतच नाही.

झोपेच्या आणि भुकेच्या वेळेला सुरू करू नका. साडेतीन वर्षांचं पोर दहा मिनिटं बसलं तरी लई झालं, सहा वर्षांचं अर्धा तास बसतं. अर्धवट सोडून उठलं तर ओढून बसवायचं नाही, वस्तू पडू द्या, संध्याकाळी आपोआप परत येतात. आणि सगळं सामान एकदम पुढ्यात मांडू नका. रंग, कात्री, गोंद, कागद सगळं दिसलं की काहीच होत नाही, फक्त सांडासांड होते.

कुठल्या वयाला काय जमतं याचा माझा अंदाज असा आहे. दोन वर्षांचं पोर फाडू, चुरगळू, थापू शकतं. तीनला चिकटवणं, ठसे मारणं जमतं. चारच्या पुढं गोल टोकाची कात्री हातात द्यायला हरकत नाही, पण आपण समोर बसून. पाच-सहाला विणकाम, गाठ मारणं. यात मागंपुढं होतं, शेजारच्या पोराला जमलं म्हणून आपल्याला जमलंच पाहिजे असं काही नाही.

आणि एक गोष्ट नीट वाचा. तीन वर्षांच्या आतलं पोर घरात असेल तर मणी, बटणं, शेंगदाणे, हरभरे, टिकल्या, बारीक खडे असलं काही क्राफ्टला घ्यायचं नाही. डाळी चिकटवून चित्र करायचा प्रकार सगळीकडं दाखवतात, मी पण केला होता, दोन मिनिटं गॅसवरचं दूध बघायला गेले आणि धाकटीनं हरभरा नाकात घातला. ओल लागली की हरभरा फुगतो आणि मग आणखी अडकतो. घरी पिन, चिमटा, काडी घालून काढायला जाऊ नका, आत ढकलला जातो, सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं न्या, आम्ही तेच केलं. गुंजा तर घरातच ठेवू नका, लालकाळ्या दिसायला गोड असतात पण बी विषारी असतं. आणि ग्लू गन, कटर, सुई हे फक्त मोठ्यांच्या हातात.

आधी खळ करून घ्या

विकतचा पांढरा गोंद आणला तरी चालतो पण पोरं अर्धी बाटली एका कागदावर ओततात, म्हणून मी घरी खळ शिजवते, दहा मिनिटांचं काम आहे आणि तोंडात गेली तरी काळजी नाही.

दोन मोठे चमचे मैदा घ्या (मैदा नसेल तर कणीक चालते, रंग जरा मळका येतो), त्यात थोडं गार पाणी घालून गुठळ्या मोडून घ्या, पातळ पिठल्यासारखं झालं पाहिजे. दुसरीकडं एक कप पाणी उकळत ठेवा आणि त्यात हे ओता, ओतताना चमचा थांबवायचा नाही. तीन-चार मिनिटांत पांढरेपणा जाऊन चकाकी येते, मग बंद. गार झाली की अजून घट्ट होते त्यामुळं पातळ वाटली तरी घाबरू नका. डब्यात घालून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहते, बाहेर मात्र आपल्या उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबट वास येतो. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून, ते आपण घालायचं नाही, मोरचूद विष आहे.

शेजारच्या अव्वा (त्यांच्या घरात पूर्वी हातमाग होता) खळीचा वास आला की लगेच दारात. "सुताला खळ लावलालीस काय गं?" त्यांच्याकडं सुताला खळ द्यायचे ना, ताण्याचा (म्हणजे उभा) धागा मागावर घासून तुटू नये म्हणून. आता त्यांचा विषय निघालाच आहे तर पुढं विणकामात त्या परत येणारच आहेत.

पिठाची माती

सगळ्यात पहिल्यांदा हेच करा, यात बिघडण्यासारखं काही नाही. म्हणजे मी बिघडवलं होतं. आमच्या घरात ज्वारीचं पीठ कायम असतं, भाकरी रोजचीच, म्हटलं मैदा कशाला आणायचा, ज्वारीच्याच पिठात मीठ घालून बैल करू. केले. संध्याकाळपर्यंत बैलांचे पाय गळून पडले. ज्वारीत गव्हासारखा चिकट ताण नसतो, म्हणून तर भाकरी थापताना गरम पाण्यात मळावं लागतं आणि तरी कडेला चिरते. तर गव्हाचं पीठ किंवा मैदाच घ्या.

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, एक चमचा तेल, आणि पाणी थोडं थोडं करत पाऊण ते एक वाटी. पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळायचं. मळायचं काम पोराला द्या, तेच तर त्याला पाहिजे असतं. हाताला कुठं खरचटलं असेल तर मीठ झोंबतं, आधी बघून घ्या, नाहीतर बोंबाबोंब. मीठ एवढं का, तर ते पाणी ओढून घेतं आणि पिठाला बुरशी येऊ देत नाही. घरात कुत्रं असेल तर मात्र हे त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, एवढं मीठ त्याला बाधतं.

वस्तू जाड करू नका. बोटभर जाडीचा हत्ती बाहेरनं वाळतो आणि आत ओलाच राहतो, मग भेगा. चपट्या वस्तू करा, भाकरीपेक्षा जरा जाड, वाटीनं नाहीतर बाटलीच्या झाकणानं कापून काढा, टांगायचं असेल तर ओलं असतानाच स्ट्रॉनं भोक पाडा. वाळवताना लगेच गच्चीवरच्या उन्हात ठेवायचं नाही. आपलं ऊन इतकं कडक असतं की वरचा थर एका तासात आवळतो आणि वस्तू पापडासारखी वाकते. पहिला दिवस घरात पंख्याखाली, मधे एकदा उलटून, मग दुसऱ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन. पावसाळ्यात या वस्तू परत मऊ पडतात, मीठ हवेतली ओल धरतं ना, म्हणून रंग वाळल्यावर वरनं पारदर्शक नेलपॉलिशचा हात मारून ठेवा, तो आपण मारायचा, खिडकी उघडी ठेवून.

रंग पिठातच घालायचा असेल तर हळद, बीटाचा रस, पालकाचं पाणी. हळदीच्या गोळ्यावर एक गंमत करून बघा. गोळ्यात चिमूटभर खायचा सोडा घालून पोराला परत मळायला लावा, पिवळा गोळा त्याच्या हातात तांबडा व्हायला लागतो. थोरला ओरडलाच, "मम्मी हे बघ काय होऊलालंय!" कुंकू हळदीचंच होतं, चुन्यानं लाल होतं, तोच प्रकार. चुना मात्र पोरांच्या हातात नको, कातडी भाजते.

नुसतं खेळायला मऊ गोळा पाहिजे असेल, वाळवायचा नसेल, तर एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, चमचाभर तेल आणि दोन छोटे चमचे लिंबाचा रस असं सगळं कढईत कालवून मंद गॅसवर हलवत राहा, कडा सुटून गोळा झाला की उतरवा, कोमट असताना मळा. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे आरामात जातो. (सोड्याची गंमत या गोळ्यात करू नका, लिंबू आहे ना, सोडा त्यातच खर्ची पडतो.)

भाज्यांचे ठसे

हे पटकन होतं. जून भेंडी, जी भाजीला नको म्हणून आपण बाजूला काढतो, ती आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. अर्धा कांदा म्हणजे गोल गोल रेघा. बटाट्यावर आपण सुरीनं चांदणी नाहीतर बदाम कोरून द्यायचा.

सगळ्यांची चूक एकच होते, भाजी थेट रंगाच्या वाटीत बुडवतात आणि कागदावर नुसता डाग पडतो. भांडी घासायचा नवीन स्पंज ताटलीत ठेवा, त्यावर रंग जरा घट्टसर पसरा आणि त्यावर भाजी दाबायची, स्टॅम्प पॅडसारखं. कापलेली बाजू आधी फडक्यानं पुसून घ्यायची, बटाट्याला तर पाणी सुटतच राहतं. कागद म्हणून कालनिर्णयाची जुनी पानं चालतात, लग्नपत्रिकांची मागची बाजू सगळ्यात भारी, जाड असते.

लगद्याची वाटी

हे काम तीन-चार दिवसांचं आहे आणि त्यातच मजा आहे. आमची आजी बांबूच्या टोपल्यांना कागदाचा लगदा आणि वाटलेल्या मेथ्या लावायची, मग त्या टोपलीतनं पीठसुद्धा सांडत नसे. तेच आपण छोट्यावर करायचं.

पहिल्या दिवशी फक्त पेपर फाडायचा. सात-आठ मोठी पानं, बोटभर तुकडे. दोन वर्षांच्या पोराला सुद्धा हे काम द्या, त्याला वाटतं आज आपल्याला फाडायची परवानगी मिळाली. बादलीत कोमट पाणी घालून भिजत टाका. वेगळ्या वाटीत दोन चमचे मेथ्या भिजवा. आपल्याकडं नळ काही रोज येत नाही, त्यामुळं पाणी यायचा दिवस बघून हे काढा आणि भिजवलेलं पाणी फेकू नका, ते फरशी पुसायला होतं.

दुसऱ्या दिवशी रात्री कागद हातानं कुस्करा. मिक्सरला लावायचा असेल तर भरपूर पाणी घालून, थोडा थोडा, दोन-दोन सेकंद, मी एकदा पिळलेलाच लगदा घातला आणि मोटरचा जळका वास घरभर. मग फडक्यात घालून पिळा, मेथ्या बारीक वाटून त्यात मिसळा. मेथीचा बुळबुळीतपणा गोंदासारखा धरतो आणि कडवटपणामुळं किडे फिरकत नाहीत असं आजी म्हणायची. वास मात्र येतो, चार दिवस येतो, सांगून ठेवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टीलची वाटी पालथी घाला, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून बसवा, आणि बाहेरनं लगदा थापा. भाकरी थापतात तसं बोटांनी दाबत दाबत, सगळीकडं सारख्या जाडीचा, पेन्सिलीएवढा थर. काठ पातळ राहतो आणि तिथंच तुटतो, तिथं जरा जास्त लावा. दिवसभर सावलीत, मग दुसऱ्या दिवशी उन्हात. वाटीचा ठणठण आवाज यायला लागला की आतली वाटी हलकेच फिरवून काढायची. उन्हाळ्यात आपल्याकडं दीड-दोन दिवसांत वाळते, एवढ्या एका बाबतीत सोलापूरच्या उन्हाचे आभार मानायचे. वरनं गेरू आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके. आमच्या वाटीत सध्या लसूण आहे.

पुठ्ठ्याचा माग

आता माझं सगळ्यात आवडतं. सोलापुरात राहून पोराला चादर कशी होते हे माहीत नसावं, हे मला थोरल्यानं "चादर झाडाला येते काय" विचारल्यावर जाणवलं. आपल्या चादरीला जीआय मानांकन (ही वस्तू याच भागातली असं सांगणारा सरकारी शिक्का) आहे, अख्ख्या भारतात नाव आहे, आणि आपल्या पोरांना ताणा (उभा धागा) कुठला नि बाणा (आडवा धागा) कुठला सांगता येत नाही. खऱ्या चादरीची नक्षी जॅकार्डच्या मागावर निघते, ते आपल्याला घरी जमणारं नाही, पण साधी वीण पुठ्ठ्यावर जमते. पाच वर्षांच्या पुढच्यांना द्या.

लागतं काय, तर जाड खोक्याचा पुठ्ठा, साधारण वीत रुंद आणि दीड वीत लांब. मजबूत सुती दोरा. आडवं विणायला लोकर, नाहीतर जुनी ओढणी, साडी, टी-शर्ट यांच्या दोन बोटं रुंद लांब पट्ट्या. मांजा कुणी घेऊ नका हं, बोटं कापतात.

१. पुठ्ठ्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला एक-एक सेंटिमीटरवर खुणा करा आणि तिथं सेंटिमीटरभर खाचा मारा. खाचा आपण मारायच्या, खुणा पोरानं.

२. दोऱ्याचं टोक मागं टेपनं चिकटवा, पहिल्या खाचेतनं पुढं आणा, खाली न्या, खालच्या खाचेतनं मागं घ्या, मागनंच वर नेऊन वरच्या शेजारच्या खाचेतनं परत पुढं आणा, असं शेवटपर्यंत. हे उभे धागे म्हणजे ताणा. इथं मी चुकले होते. घट्ट पाहिजे म्हणून इतका ओढला की पुठ्ठा धनुष्यासारखा वाकला. अव्वांनी बघितलं, बोट लावून धागा छेडला, म्हणाल्या, "लई घट्ट केलीस तर तुटतंय, सैल ठेवलीस तर कापड झोळ धरतंय. बोटानं दाबलं तर एवढं दबलं पाहिजे बघ." आणि त्यांनी नखाएवढं माप दाखवलं. त्या लग्न होऊन आल्यापासून कांड्या (मागाच्या दोऱ्याच्या नळ्या) भरायच्या, त्यांच्या बोटाला माप पाठ आहे. मी तेव्हापासून तसंच बघते, नखभर दबलं की बरोबर.

३. एका जाड कार्डाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा, दोन्ही टोकांना खाच मारा आणि तिच्यावर लोकर गुंडाळा. हा झाला धोटा. आता एका धाग्याच्या वरनं, एकाच्या खालनं, वरनं, खालनं. शेवटच्या धाग्यावरनं वळायचं आणि परत येताना उलटं, जिथं वर होतं तिथं खाली. थोरला मोठ्यानं "वर-खाली, वर-खाली" म्हणत विणतो, धाकटी नुसतीच म्हणते.

४. दोन-तीन ओळी झाल्या की काट्याच्या चमच्यानं खाली दाबून घ्या. मागावर हे काम फणी करते.

५. आता खरी मेख. दहा-बारा ओळींनंतर कापड मधे आवळत जातं आणि डमरू तयार होतो. सगळ्यांचाच होतो, पोर रडकुंडीला येतं. कारण असं, की प्रत्येक ओळीला आपण धागा सरळ ओढून घट्ट करतो. तसं न करता धागा जरा तिरका, डोंगरासारखा वर उचलून टाका आणि मग चमच्यानं दाबा, म्हणजे त्याला वरखाली वळायला पुरेशी लांबी मिळते. तरी थोडा डमरू झालाच तर होऊ दे, आमच्या पहिल्या तीन वस्तू डमरूच आहेत.

६. वर दोन बोटं जागा उरली की थांबा. मागनं उभे धागे मधोमध कापा, दोन-दोन धागे धरून गाठी मारा. खाली लोंबतात त्या दशा. चादरीच्या दशा दाखवून बघा, पोरगं लगेच ओळखतं, "हे तर तसलंच हाय की!"

गोल विणायचं असेल तर कागदी ताटली घ्या, पण खाचा मोजून विषम संख्येच्या मारा, पंधरा किंवा सतरा. मी सोळा मारल्या होत्या. चौकोनी मागावर किती धागे आहेत त्यानं फरक पडत नाही कारण आपण काठावरनं वळून येतो, गोलात वळणं नसतं, त्यामुळं सम संख्या असली की दुसऱ्या फेरीला पण तोच धागा वर आणि तोच खाली, वीण पडतच नाही. चार फेऱ्या झाल्यावर थोरला म्हणाला, "मम्मी हे सुटलालंय." बघते तर खरंच. परत उसवायचं नसेल तर शेजारचे दोन धागे एकच धरून पुढं विणा, संख्या विषम होते, काम भागतं.

उरलेल्या लोकरीचे गोंडे. चार बोटांवर चाळीस-पन्नास वेढे, हलकेच काढून मधे करकचून बांधायचं, दोन्ही बाजूचे फासे कापायचे आणि कात्रीनं गोल करायचं. बांधायचा दोरा लांब ठेवा, टांगायला होतो. दप्तराला लावतात, सायकलला लावतात, मांजराला लावायचा प्रयत्न झाला, मांजर तयार नव्हतं.

संक्रांतीला नंदीध्वज

हे जानेवारीतलं. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यांची गड्ड्याची यात्रा भरली की गल्लीतली सगळी पोरं मिरवणुकीतल्या नंदीध्वजासारखी सजवलेली काठी खांद्यावर घेऊन फिरतात, तर ती काठी घरीच करू. पेपरची तीन पानं एकावर एक ठेवून एका कोपऱ्यापासून तिरकी, घट्ट गुंडाळा, टोक खळीनं चिकटवा. अशा दोन-तीन सुरनळ्या एकमेकांत घालून लांबी वाढवा, सांध्यावर टेप. वाळली की लाकडासारखी कडक होते. रंगीत कागदाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वर बाशिंग म्हणून सोनेरी कागदाचा पंखा, आणि खाली आपणच केलेले गोंडे. खरे नंदीध्वज सात असतात, उंच, वजनदार, बाराबंदी (बंद बांधायचा पांढरा अंगरखा) घातलेले लोक ते तोलत नेतात. पोराला पांढरा सदरा घाला, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" तो स्वतःच सुरू करतो. घरात ट्यूबलाइटपासून लांब उभं करा फक्त.

वस्तू साठायला लागल्या की

एक खोकं ठेवा, त्यात मावेल तेवढंच राहील असं पोरांना आधीच सांगा. आवडत्या दोन-चार गोष्टी दोरीला चिमटे लावून टांगा, बाकीच्यांचे फोटो काढा. मग महिन्यातून एकदा, दोघं झोपल्यावर, आवरायचं. टाकताना पिशवी काळी घ्या. मी पारदर्शक घेतली होती, आणि सकाळी घंटागाडी आली तेव्हा धाकटी माझ्या कडेवर होती, तिनं वरनंच तिचा तीन पायांचा हत्ती ओळखला. तो आता फ्रिजवर आहे.